नाही आलं

विडी घरकुलात पाणी पाचव्या दिवशी येतं,
कधी सहाव्या, कधी रात्री दोनला,
चप्पल हातात घेऊन आल्यासारखं.
म्हणून मी एक अ‍ॅप केलं.
गल्ल्यांचा नकाशा, आणि खाली एकच निळं बटण: ‘पाणी आलं’.
ज्याच्या नळाला आधी, त्यानं दाबायचं,
पुढच्या गल्लीनं घागरी मांडायच्या.
इतकं सोपं, की मला वाटलं झालंच काम.

पहिल्या आठवड्यात एकशे बारा जणांनी घेतलं.
बटण दाबलं चौघांनी.
त्यातली एक मी.
दुसरा माझा आतेभाऊ, त्याला मीच फोन केला होता.

मग गुण ठेवले.
दाबलं की दहा. शंभराला चांदीचा नळ, हजाराला सोन्याचा.
नीलम नगरातला गुर्रमांचा धाकटा
एका दुपारीत सोन्याच्या नळापाशी पोचला.
त्या दुपारी माझ्या पडद्यावर
अक्कलकोट रोडपर्यंत सगळं सोलापूर निळं झालं,
आणि खऱ्या गल्लीत बायका हंडे घेऊन उभ्या,
नळ नुसता फुस्स करून हवा सोडत होता.
संध्याकाळी जे ऐकलं
ते इथं लिहीत नाही.

नळ काढून टाकले, सोन्याचा आणि चांदीचा.
दुसऱ्या दिवशी दारोदार गेले.
अंबुबाई म्याकल उंबऱ्याशी बसल्या होत्या,
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
हजाराच्या हिशेबातल्या सहाशे विड्या झालेल्या,
आणि गुडघ्याशी लेकीचा जुना फोन, काच तडकलेली.
विचारलं, बटण का दाबत नाही?
त्यांनी पान कापायची कात्री थांबवली नाही.
“काय दाबू पोरी? ‘आलं’ म्हणून लिहिलीस तू.
आलंय कुठं?
आणि येतं तेव्हा हात ओले असतात.
रोज बघते मी उघडून. ‘नाही आलं’ कुठं दाबायचं, सांग.”
मग फोनलाच म्हणाल्या, जरा रागानं,
नीळ्ळु रालेदु.

परत येताना पप्पांची आठवण झाली.
ते चादरीच्या कारखान्यात नक्षीची कार्डं पाडायचे.
पुठ्ठ्याला भोक असलं की धागा वर उचलतो,
नसलं की खाली राहतो.
मी लहानपणी पुठ्ठा उजेडाकडे धरून
फक्त भोकं मोजायची.
“अन् हे कोण मोजणार?” म्हणून ते
कोऱ्या जागेवर बोट ठेवायचे.
मोर अर्धा तिथूनच निघायचा.

त्या रात्री दुसरं बटण बसवलं.
राखाडी, निळ्याइतकंच मोठं.
गुण नाहीत, शाबासकी नाही.
दाबलं की एवढंच दिसतं:
‘तुमच्या गल्लीत आणखी नऊ जण जागे आहेत.’

कुणाला सांगायला गेले नाही. भीतीच वाटली, खरं तर.
रात्री अकराला पहिलं ‘नाही’ आलं. मग तीन.
मग यन्नमांच्या गल्लीतून सलग सात,
मग तो धाकटा गुर्रम, ह्या वेळी एकदाच, खरं.
माणसं कोरड्या हातांनी दाबत होती,
लाइट बंद, बादल्या रांगेत,
कुणी विड्या वळत, कुणी पोराला थोपटत.
मला वाटलं होतं लोकांना काही द्यायचंच नाहीये.
त्यांच्याकडे होतं ते मी मागितलंच नव्हतं.

दोन वाजून दहा मिनिटांनी
अंबुबाईंच्या गल्लीतले ‘नाही’ अचानक थांबले.
‘आलं’ कुणीच दाबलं नाही.
मी पडद्याकडे बघत राहिले, अर्धा मिनिट, एक मिनिट,
आणि मग एकदम उठले,
आईला हाक मारली,
हंडा उचलला.